गो म्हणतं फाइल आहे, पायथन म्हणतं नाही: दोन टिंबांचा घोळ

आधी प्रश्न थोडक्यात. ऐरोलीतल्या एका टीमच्या सर्व्हरवर `/दप्तर/चालू` ही सिमलिंक (दुसऱ्या पत्त्याकडे बोट दाखवणारी फाइल) आहे आणि तिच्यात `/दप्तर/आवृत्त्या/४२` असा पत्ता आहे. सगळ्या आवृत्त्यांची कॉन्फिग फाइल मात्र एकच, ती `/दप्तर/सामाईक` मध्ये. प्रोग्राम `/दप्तर/चालू/बिन` मध्ये बसलेत आणि तिथून `../../सामाईक/कॉन्फिग` असं म्हणत फाइल शोधतात (प्रत्येक `..` म्हणजे एक फोल्डर वर). गो भाषेतल्या सर्व्हिसला फाइल सापडते. पायथनची स्क्रिप्ट "नो सच फाइल" म्हणून मोकळी होते. नोडचा, म्हणजे जावास्क्रिप्टचा, प्रोग्राम `/दप्तर/आवृत्त्या/सामाईक` अशा फोल्डरचं नाव घेतो, जे कुणी कधी बनवलंच नाही. एका सीनिअरनं सांगितलं अ‍ॅब्सपाथ (पूर्ण पत्ता बनवून देणारं पायथनचं फंक्शन) लावा, लावलं, चाललं. दुसऱ्यानं रिव्ह्यूमध्ये सांगितलं अ‍ॅब्सपाथ जुनं झालं, पाथलिब या पायथनच्याच लायब्ररीतलं रिझॉल्व्ह घ्या, घेतलं, पुन्हा मोडलं. "यातलं बरोबर कोण, आणि आम्ही काय वापरायचं?" आणि ताजा कलम: "हेच कंटेनरमध्ये चालवलं की लिंक तुटलेली दिसते, ती का?" (कंटेनर म्हणजे प्रोग्रामला स्वतःचं वेगळं फाइलींचं झाड देणारा डबा.)

(खऱ्या सर्व्हरवरची नावं अर्थातच वेगळी होती, ती मी बदललीत. नावं देवनागरीत ठेवली म्हणून लिनक्सचं काही अडत नाही. त्याची एक गंमत पुढे सांगते.)

बरोबर सगळेच आहेत. प्रत्येकजण वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतोय, एवढंच. काही फंक्शन्स पाथकडे नुसती अक्षरं म्हणून बघतात, डिस्कला हातही लावत नाहीत. काही फंक्शन्स डिस्कवर जाऊन प्रत्येक पायरी चढून बघतात. पाथमध्ये सिमलिंक नसेल किंवा `..` नसेल, तर दोघंही एकाच फाइलवर पोचतात. त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. दोन्ही एकत्र आले की भांडण सुरू.

नवी मुंबईत राहणाऱ्याला हे समजायला अवघड जाऊ नये. रिक्षात बसून "सेक्टर ८" म्हटलं तर ऐरोलीत एक जागा, नेरुळात दुसरी, खारघरला तिसरी. पत्ता तोच, पण तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठिकाण ठरतं. हा झाला रिलेटिव्ह पाथ, आणि "तुम्ही कुठे उभे आहात" म्हणजे प्रोसेसची करंट डिरेक्टरी. आता नेरुळमधल्या एका बंद शटरवर कागद चिकटवलाय: "दुकान सेक्टर १५ मध्ये स्थलांतरित." तुम्ही ऐरोलीहून आला असलात, तरी हा सेक्टर १५ नेरुळचाच. कागद जिथे चिकटवलाय तिथून वाचायचा. सिमलिंकमध्ये रिलेटिव्ह पत्ता असेल तर कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, नेमकं हेच करतो. लिंक ज्या फोल्डरमध्ये आहे तिथून तो पत्ता मोजतो, तुमच्या करंट डिरेक्टरीशी त्याला देणंघेणं नसतं. नवीन मुलं इथेच फसतात. टर्मिनलमध्ये आपण जिथे आहोत तिथून बरोबर दिसणारा पत्ता लिंकमध्ये कोंबतात आणि मग लिंक तुटलेली, लाल दिसते म्हणून हैराण होतात.

आता दोन टिंबं. समजा कुणी सांगितलं, "त्या दुकानात जा, आणि दुकानाच्या मागच्या गल्लीत झेरॉक्सवाला आहे." मागची गल्ली कुठल्या दुकानाची? ज्यानं घरी बसून नकाशावर बोट फिरवलं, तो जुन्या दुकानाच्या मागे बघणार. जो पायी गेला, शटरवरचा कागद वाचून सेक्टर १५ ला पोचला, तो नव्या दुकानाच्या मागे बघणार. अ‍ॅब्सपाथ म्हणजे नकाशावरचं बोट. कर्नल म्हणजे पायी जाणारा माणूस.

तुमचाच पाथ घेऊन कर्नलबरोबर चालूया: `/दप्तर/चालू/बिन/../../सामाईक/कॉन्फिग`. सुरुवातीला `/` आहे, म्हणजे रूटपासून. `दप्तर` हा साधा फोल्डर, आत शिरला. `चालू` ही लिंक, आतला मजकूर `/दप्तर/आवृत्त्या/४२`. तो `/` ने सुरू होतो, म्हणून पुन्हा रूटपासून: दप्तर, आवृत्त्या, ४२. आता कर्नल `४२` मध्ये उभा आहे आणि आपण `चालू` मार्गे आलो होतो हे तो विसरूनही गेलाय. `बिन` मध्ये गेला. `..` आलं, परत `४२`. पुन्हा `..`, आता `आवृत्त्या`. तिथे `सामाईक` शोधतो. नाही. एरर. पायथननं ओपनला हाच कच्चा पाथ दिला होता, म्हणून त्याला हेच उत्तर मिळालं. पायथनची जॉइन पाथचे तुकडे जोडून देते, `..` ना हात लावत नाही.

गोनं काय केलं? तुमच्या सर्व्हिसला मूळ फोल्डर `/दप्तर/चालू/बिन` हा आर्ग्युमेंट म्हणून मिळतो. गोची फाइलपाथ.जॉइन तुकडे जोडून थांबत नाही, न विचारता क्लीनही करते. क्लीन म्हणजे निव्वळ अक्षरांचा खेळ: `बिन/..` खोडलं, `चालू/..` खोडलं, उरलं `/दप्तर/सामाईक/कॉन्फिग`. कर्नलपर्यंत `..` पोचलंच नाही. फाइल सापडली. म्हणजे पायथनमधला कोड ओळीला ओळ गोमध्ये उतरवला तरी वागणूक बदलते, कारण दोन्हीकडच्या "जॉइन"चा अर्थच वेगळा आहे.

नोडमध्ये पाथ.जॉइन गोसारखीच अक्षरं पुसते. पण तिच्या हातात जो मूळ फोल्डर येतो तोच आधी बदललेला असतो. नोड कुठलंही मॉड्यूल लोड करताना डीफॉल्टनं सिमलिंक सोडवून खरा पत्ता घेतो. त्यामुळे मॉड्यूलचा फोल्डर सांगणारा डिरनेम हा व्हेरिएबल `/दप्तर/आवृत्त्या/४२/बिन` असा येतो. तिथून दोन पायऱ्या वर म्हणजे `आवृत्त्या`. तुम्ही न बनवलेल्या फोल्डरचं नाव कुठून आलं याचं कोडं इथे सुटतं. (एनपीएम लिंक वापरून लोकल पॅकेज जोडल्यावर रिअ‍ॅक्टच्या दोन प्रती लोड होऊन हुक्सचा एरर येतो, तो याच सवयीचा प्रताप. त्यासाठी प्रिझर्व्ह-सिमलिंक्स नावाचा फ्लॅग आहे, पण तो लावला की दुसरीकडे काहीतरी हमखास मोडतं. मी शक्यतो लावत नाही.)

राहिले तुमचे दोन सीनिअर. पायथनचं अ‍ॅब्सपाथ म्हणजे करंट डिरेक्टरी जोडा आणि नॉर्मपाथ चालवा. नॉर्मपाथ गोच्या क्लीनचंच भावंड, डिस्कला न विचारता `..` खोडणारं. सिमलिंक असेल तर पाथचा अर्थ बदलू शकतो असा इशारा पायथनच्या डॉक्युमेंटेशनमध्येच दिलेला आहे, पण वाचतं कोण. पाथलिबवाल्यांनी हा धोका ओळखून `..` आपणहून खोडायचं नाहीच असं ठरवलं. `//` चं `/` करतील, मधलं एकटं टिंब काढतील, पण `..` ला हात नाही. अ‍ॅब्सोल्यूट ही मेथडसुद्धा `..` तशीच ठेवते. रिझॉल्व्ह मात्र डिस्कवर जाऊन लिंका सोडवते. म्हणून "अ‍ॅब्सपाथच्या जागी रिझॉल्व्ह घ्या" हा सल्ला नुसता नव्या-जुन्याचा नाही, त्यानं अर्थ बदलतो. रिव्ह्यूमध्ये हे एका ओळीचं कॉस्मेटिक म्हणून पास होतं आणि शुक्रवारी संध्याकाळी डिप्लॉय होतं.

याच पाथलिबमध्ये आणखी एक खाच आहे. `पेरेंट` आणि `/ '..'` एकच वाटतात, पण तसं नाही. पेरेंट शेवटचा तुकडा खोडते, बस. तुमच्या स्क्रिप्टच्या फाइलवर तीनदा पेरेंट लावलं तर `/दप्तर` मिळतं आणि त्यातलं `सामाईक` सापडतं. आधी रिझॉल्व्ह करून मग तीनदा पेरेंट लावलं तर `/दप्तर/आवृत्त्या` मिळतं. क्रम बदलला की उत्तर बदललं.

बाकी भाषांचं पटकन. जावामध्ये पाथची नॉर्मलाइझ नकाशावाली, टू-रिअल-पाथ पायी जाणारी. जुन्या फाइल क्लासमध्ये अ‍ॅब्सोल्यूट-पाथ काहीच सोडवत नाही, कॅनॉनिकल-पाथ सोडवतो. सी++ १७ मध्ये लेक्सिकली-नॉर्मल आणि कॅनॉनिकल अशी स्वच्छ नावं दिलीत, कुणीतरी विचार केलेला दिसतो. रस्टमध्ये कॅनॉनिकलाइझ. सीमध्ये रिअलपाथ, आणि बहुतेक सगळ्यांच्या मुळाशी तीच पद्धत: एकेक तुकडा घ्या, लिंक आहे का बघा, असेल तर वाचा, पुढे जा. एक लक्षात ठेवा, सीची रिअलपाथ पाथमधला एखादा तुकडा अस्तित्वात नसेल तर एरर देते. पीएचपीची सरळ फॉल्स परत करते. पायथनची रिअलपाथ मात्र डीफॉल्टनं कुरकुर न करता उरलेलं शेपूट तसंच चिकटवून देते. आवृत्ती ३.१० पासून तिला स्ट्रिक्ट असं सांगता येतं. प्रॉडक्शनमध्ये मी ते सांगतेच.

हा घोळ आला कुठून? जुन्या युनिक्समध्ये सिमलिंक नव्हत्या. झाड म्हणजे खरंच झाड होतं, प्रत्येक फोल्डरला एकच बाप. तेव्हा `चालू/..` खोडा नाहीतर चढून बघा, उत्तर एकच. १९८३ मध्ये ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीत सिमलिंक आल्या आणि एकाच फोल्डरकडे जायला अनेक वाटा झाल्या. वाटा अनेक, बाप मात्र एकच. पुढे २००० साली बेल लॅब्जमधल्या रॉब पाइकनं प्लॅन ९ या ऑपरेटिंग सिस्टमसाठी बाजू मांडली की `..` चा अर्थ ज्या नावानं आलो त्या नावावरून ठरावा. तोच पाइक नंतर गो बनवणाऱ्यांत होता. गोची क्लीन अशी का वागते याचं मूळ तिथे आहे. फक्त एक फरक विसरला जातो: प्लॅन ९ मध्ये सिमलिंकच नाहीत. लिनक्सवर त्या पावलोपावली आहेत.

शेल, म्हणजे टर्मिनलमध्ये आपल्या कमांड घेणारा प्रोग्राम, यात आणखी मीठ टाकतं, आणि इथे मला स्वतःची फजिती सांगायलाच हवी. महापेला एका ऑफिसात होते तेव्हाची गोष्ट. `/दप्तर/चालू/लॉग` ही सिमलिंक होती, खरे लॉग `/मोठीडिस्क/लॉग` मध्ये. मला `/दप्तर/चालू/टेंप` साफ करायचा होता. मी सीडी करून लॉगमध्ये गेले, पीडब्ल्यूडी (आपण कुठे आहोत ते सांगणारी कमांड) मारलं, `/दप्तर/चालू/लॉग` दिसलं. खात्री करायला सीडी `..` केलं, एलएस केलं, समोर माझा टेंप. छान. परत लॉगमध्ये आले आणि आरएम -आरएफ `../टेंप` (न विचारता सगळं उडवणारी कमांड) मारलं. उडाला तो `/मोठीडिस्क/टेंप`, ज्यात दुसऱ्या टीमची सकाळपर्यंत चालणारी बॅच आपल्या अर्धवट फाइली ठेवत होती. कारण सीडी ही शेलची स्वतःची कमांड. आपण कुठल्या नावानं आत आलो हे शेल लक्षात ठेवतं आणि `..` ला अक्षरं खोडतं. आरएम हा वेगळा प्रोग्राम, त्यानं `../टेंप` जसंच्या तसं कर्नलला दिलं आणि कर्नल पायी गेला. एकाच स्क्रीनवर, दोन मिनिटांच्या अंतरानं, त्याच दोन टिंबांचे दोन अर्थ. तेव्हापासून सर्व्हरवर काही उडवायच्या आधी मी पीडब्ल्यूडीला -पी लावते, म्हणजे तो खरी जागा सांगतो. सीडीलाही -पी चालतो. त्या रात्री शेवटची ठाणे लोकल गेली होती, आणि दुसऱ्या टीमला फोन करून सांगण्यापेक्षा घणसोली स्टेशनवर बसून राहणं बरं वाटत होतं. फोन केला, पण.

आता "काय वापरायचं". माझं मत पक्कं आहे, पण त्याला कारण आहे.

एक, सामाईक गोष्टींकडे कोडच्या जागेवरून `../../` करत जाऊच नका. कॉन्फिगचा पूर्ण पाथ एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून किंवा आर्ग्युमेंटमधून द्या. `..` मोजत बसणारा कोड फोल्डरची रचना मनात धरून चालतो, आणि रचना बदलते. हे केलंत तर तुमच्या तीनही भाषांचं भांडण आजच मिटतं. रिलेटिव्ह पाथ तर बिलकूल नको: क्रॉननं (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रामनं) चालवलेल्या कामाची करंट डिरेक्टरी त्या युजरचं होम असते, सिस्टमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिसेस सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) सिस्टम सर्व्हिसची डीफॉल्टनं `/`. तुमच्या लॅपटॉपवर ती तुम्ही जिथे टर्मिनल उघडलंय ती.

दोन, आवृत्तीच्या आतल्या फाइलींसाठी, म्हणजे टेम्प्लेट, स्कीमा वगैरेंसाठी, प्रोग्राम सुरू होतानाच एकदा मूळ फोल्डर रिअलपाथनं सोडवून घ्या आणि पुढे तोच वापरा. दर वेळी `चालू` मार्गे गेलात तर काय होतं? प्रोग्राम ४२ मधून सुरू झाला, मध्येच कुणीतरी लिंक ४३ कडे वळवली, आता कोड ४२ चा आणि टेम्प्लेट ४३ चं. हा बग लॉगमध्ये दिसत नाही, फक्त ग्राहकाच्या बिलावर दिसतो. सुरुवातीला दिलेला पाथ आणि सुटलेला पाथ, दोन्ही लॉगमध्ये एकेक ओळ लिहा. त्या दोन ओळींनी माझे किती तास वाचवलेत याचा हिशेब नाही.

लिंक वळवतानाही एक बारकावा. एलएन -एसएफएन ही सगळ्यांची आवडती कमांड जुनी लिंक आधी काढते आणि मग नवी बनवते, असंच समजून चाला. त्या मधल्या क्षणात `चालू` नावाचं काहीच नसतं, आणि भरपूर रिक्वेस्ट येणाऱ्या सर्व्हरला तो क्षण बरोब्बर सापडतो. त्यापेक्षा `चालू.नवी` नावाची लिंक बनवा आणि एमव्ही -टी करून ती `चालू` वर हलवा. रिनेम हा कर्नलमध्ये एका झटक्यात होतो, कुणाला जुनी दिसते नाहीतर नवी, मधलं काही नाही. पीएचपी असेल तर एवढ्यानंही भागत नाही. पीएचपी सोडवलेले पाथ स्वतःच्या रिअलपाथ कॅशमध्ये ठेवतं, डीफॉल्ट १२० सेकंद. लिंक वळवल्यावर दोन मिनिटं जुनाच कोड का चालतोय म्हणून लोक सर्व्हर रीस्टार्ट करत सुटतात. एनजिनएक्स या वेब सर्व्हरकडून पीएचपीला डॉक्युमेंट-रूटच्या जागी रिअलपाथ-रूट पाठवला की नवीन आवृत्तीचा पाथ वेगळाच दिसतो आणि कॅशचा प्रश्न उरत नाही.

तिसरी गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण कोडमध्ये अपलोडचा फोल्डर दिसला म्हणून लिहिते, आणि हीच सगळ्यात जपायची. "युजरनं दिलेलं नाव अपलोडच्या बाहेर जात नाही ना" हे तपासायला तुम्ही जॉइन करून मग स्टार्ट्सविथ (पाथ अमुक अक्षरांनी सुरू होतो का ते बघणारं) लावलंय. पायथनच्या जॉइनला दुसरा तुकडा `/` ने सुरू होणारा मिळाला तर ती पहिला तुकडा फेकून देते. रस्टची जॉइन आणि जावाची रिझॉल्व्हसुद्धा तशीच. गोची आणि नोडची जॉइन तसं करत नाही, नोडची पाथ.रिझॉल्व्ह मात्र करते. तुमच्याकडे स्टार्ट्सविथ आहे म्हणून तेवढं पकडलं जाईल. पण `/दप्तर/सामाईक/अपलोड` साठी लावलेली स्टार्ट्सविथ `/दप्तर/सामाईक/अपलोड_जुने` लाही खुशाल हो म्हणते. आणि `..` तसेच असतील तर `/दप्तर/सामाईक/अपलोड/../गुपित` सुद्धा अक्षरांच्या हिशेबानं "अपलोडनेच सुरू होतं". पाथलिबची इझ-रिलेटिव्ह-टू तुकड्यांनुसार तुलना करते, त्यामुळे `अपलोड_जुने` अडतं, पण तीही अक्षरांवरच चालते, लिंक किंवा `..` सोडवत नाही.

म्हणून आधी दोन्ही बाजू रिअलपाथनं सोडवा आणि मग तुकड्यांनुसार तुलना करा. यानं नव्वद टक्के काम होतं असं मी पूर्वी शिकवायचे. उरलेलं असं: तुम्ही तपासलं आणि उघडलं यात जो काळ जातो, त्यात कुणी आतला एखादा फोल्डर काढून त्या जागी सिमलिंक ठेवली, तर तपासलेला पाथ एक आणि उघडलेली फाइल दुसरी. उत्तर मिळालं तेव्हाच ते शिळं व्हायला लागलेलं असतं. फाइल उघडताना "लिंक असेल तर उघडू नको" सांगणारा ओ-नोफॉलो हा फ्लॅग फक्त शेवटच्या तुकड्यापुरता, मधल्या लिंका तो बघत नाही. खरा इलाज म्हणजे तपासणी आणि उघडणं हे दोन्ही कर्नललाच एका दमात करायला सांगायचं. लिनक्स ५.६ मध्ये, २०२० साली, ओपनअ‍ॅट२ ही सिस्टम कॉल आली. तिला "या फोल्डरच्या खालीच राहा" किंवा "एकही सिमलिंक ओलांडू नको" असं सांगता येतं. गोमध्ये १.२४ पासून ओएस.रूट मिळतो, अपलोडचा फोल्डर एकदा उघडायचा आणि पुढचं सगळं त्याच्याच मार्फत. तुमची सर्व्हिस गोमध्ये आहे, तर अपलोड तिकडेच हलवा. पायथनमध्ये हे हातानं लिहिता येतं, पण मी एकदा लिहिलंय आणि पुन्हा लिहिणार नाही.

सिमलिंकची साखळी फिरून स्वतःवरच आली तर? लिनक्स एका पाथमागे ४० लिंकांपर्यंत सोडवतो, मग "टू मेनी लेव्हल्स ऑफ सिम्बॉलिक लिंक्स" म्हणून हात वर करतो. म्हणजे लूप "शोधत" नाही, कंटाळतो.

देवनागरीची गंमत सांगायची राहिली. लिनक्ससाठी नाव म्हणजे बाइट्स. एका नावाची मर्यादा २५५ बाइट्स, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट्स खातं, म्हणजे काना, मात्रा, हलंत सगळं मोजून ८५ चिन्हं. तुमच्या `चालू` वर एलएस -एल केलं तर आकार ५१ दिसेल, कारण सिमलिंकचा आकार म्हणजे आतल्या मजकुराचे बाइट्स: १६ चिन्हं गुणिले ३, अधिक तीन स्लॅश. पण खरी मजा "दुसऱ्या_तिमाहीचा_हिशेब" अशा नावात. त्यातला ऱ तीन प्रकारे टाइप होतो: एकसंध ऱ, र खाली नुक्ता, किंवा र, हलंत आणि त्यापुढे झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडणारं चिन्ह.  डोळ्याला तिन्ही सारखे, लिनक्सवर तीन वेगळ्या फाइली. मॅकची फाइलसिस्टम एपीएफएस पहिले दोन एकच मानते, तिसरा नाही. कुठल्याही भाषेची रिअलपाथ यात तुमची मदत करत नाही. तिचं काम लिंका सोडवायचं, शुद्धलेखनाचं नाही. एका हिशेबाच्या प्रोजेक्टवर "फाइल समोर दिसतेय तरी नाही म्हणतो" यात आमचे दोन दिवस गेले. शेवटी नावाचे बाइट्स छापून बघितले तेव्हा उलगडलं.

मॅकचा विषय निघालाच आहे तर, तुमच्यापैकी कुणाची टेस्ट फक्त मॅकवर पडत असेल तर बहुधा कारण हे: तिथे `/टीएमपी` आणि `/व्हार` या स्वतःच `/प्रायव्हेट` च्या आतल्या फोल्डरांकडे नेणाऱ्या लिंका आहेत. टेस्टमध्ये एका बाजूला सोडवलेला पाथ आणि दुसऱ्या बाजूला न सोडवलेला आला की तुलना फसते. विंडोजवर `..` अक्षरांच्या पातळीवरच खोडलं जातं, फाइलसिस्टमपर्यंत जातच नाही. आणि गिटला (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामला) तिथे सिमलिंक बनवायची परवानगी नसेल तर लिंकच्या जागी एक छोटी टेक्स्ट फाइल येते, आत फक्त पत्ता. इम्पोर्ट करताना "सिंटॅक्स एरर, ओळ १" असं विचित्र काही आलं तर ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा.

कुठे काय घडतंय हे बघायला माझी सगळ्यात आवडती कमांड नेमआय. लिनक्सवर बहुतेक ठिकाणी असतेच. तिला -एल देऊन तुमचा पूर्ण पाथ द्या. ती एकेक तुकडा एकेका ओळीवर छापते, पुढे परवानग्या आणि मालक, आणि लिंक आली की तिच्या आतली पावलं थोडी आत सरकवून दाखवते. तुमच्या पाथमध्ये, वरची पूर्ण पाथची ओळ सोडली तर, तिसऱ्याच ओळीच्या सुरुवातीला एल दिसेल, तो तुमचा `चालू`. परवानगीचा घोळ असेल तर तोही तिथेच उघडा पडतो.

आता कंटेनर. तुम्ही होस्टचा `/दप्तर` कंटेनरमध्ये `/अ‍ॅप` म्हणून माउंट केलाय, म्हणजे आत तो त्या नावानं दिसतो. लिंकमधला मजकूर `/` ने सुरू होतो, म्हणून कंटेनरमधला प्रोसेस आपल्या स्वतःच्या रूटपासून `/दप्तर` शोधतो. त्याच्या जगात `/दप्तर` नाहीच. लिंकमध्ये नुसतं `आवृत्त्या/४२` लिहा, म्हणजे कागद शटरवरून वाचला जाईल आणि `/अ‍ॅप/आवृत्त्या/४२` सापडेल. कुणी सुचवेल की सरळ `/दप्तर/चालू` च माउंट करा. करू नका. माउंट करतानाच लिंक सोडवली जाते आणि कंटेनर ४२ ला चिकटतो. तुम्ही बाहेर लिंक ४३ कडे वळवाल, आत रीस्टार्ट होईपर्यंत ४२ च दिसेल, आणि जुन्या आवृत्त्या उडवणारी तुमची रात्रीची स्क्रिप्ट ४२ घेऊन गेली की आत रिकामा फोल्डर.